डहाळी वाळेपर्यंत

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी जन्मात कधी जॅम केलेला नव्हता. अंजिराला हात लावला की माझ्या मनगटावर गांधी उठतात, आणि साखर ढवळत तासभर शेगडीपाशी उभं राहायचा मला धीर नाही. तरी आमच्या गावात ऑक्टोबर उजाडला की जो तो मला विचारायचा, "काय सोरा एर्सिलिया, यंदा जॅम कसा झालाय?" आमच्याकडे बाईला मानाने सोरा म्हणतात, बाप्याला सोर. मानाने विचारायचे आणि वर गालातल्या गालात हसायचे. असं तीस वर्षं चाललं. आधी मला वाटलं, दुसऱ्या कुणाशी तरी माझी गल्लत होतेय. मग वाटलं, वात्रट लोक आहेत, चिडवायला काहीतरी लागतं. शेवटी मी विचार करणंच सोडलं. "झालाय की, तुझ्यासारखाच चिकट," म्हणायचं आणि पुढे चालायला लागायचं.

आमचं घर रोमजवळच्या फ्रास्कातीच्या वरच्या अंगाला, चढाच्या गल्लीत. घराखाली तळघर, डोंगराच्या मऊ दगडात खोदलेलं. पुढच्या भागात पाच लांब टेबलं आणि बाकं, मागच्या भागात पिंपं. नवी वाईन तयार झाली की दारावर तमालपत्राची हिरवी डहाळी टांगायची. ती दिसली की लोक येतात. वाईन आपण द्यायची, खाणं ज्याचं त्याने आणायचं. पोर्केत्ताचे, म्हणजे लसूण-मिरी भरून अख्ख्या भाजलेल्या डुकराचे काप, पाव, ऑलिव्ह, असलं काहीबाही तेलकट कागदात गुंडाळून माणूस काखेत मारून येतो. आधी उभ्याने एक पेला चाखतो. पटली तर बाकावर बसतो, पुडकं सोडतो, आणि मग दिवस मावळेपर्यंत हलत नाही. नाही पटली तर पेला ठेवतो, "बरंय, येतो" म्हणतो आणि पुडकं तसंच काखेत घेऊन दुसरी डहाळी शोधायला जातो. तोंडाने वाईट कुणी बोलत नाही. पुडकं सुटलं की नाही, एवढंच बघायचं.

माझ्या नवऱ्याच्या, रोमोलोच्या दारात कुणाचं पुडकं बांधलेलं राहिलं नाही. गोडसर, सोनेरी वाईन. लोक म्हणायचे, जुन्या काळची चव आहे, आता अशी कुणाला जमत नाही. रोमोलो मिशीतल्या मिशीत हसायचा आणि पेले भरायचा. वेलींची छाटणी, बांधणी, काढणी सगळ्यात मी त्याच्या बरोबरीने राबले. पण द्राक्षं पायऱ्या उतरून खाली गेली की तिथून नोव्हेंबरातल्या संत मार्तिनोच्या दिवसापर्यंत मागच्या भागात मला पाऊल टाकायची बंदी. "बाईमाणूस आत आलं की रस नासतो," तो म्हणायचा. "मी म्हणत नाही गं, वाडवडील म्हणतात." वाडवडिलांशी भांडायला ते हयात नव्हते, म्हणून मी त्याच्याशीच भांडायचे. कुलपाची किल्ली मात्र त्याच्या गळ्यात असायची.

मागच्या फेब्रुवारीत तो गेला. सातव्या ओळीत, छाटणीची कात्री हातात असताना. मी आठव्या ओळीत होते. पाठीमागचा कात्रीचा आवाज थांबला म्हणून मी ओरडले, "झोपलास का रे?" उरलेल्या ओळी मी एकटीने छाटल्या, कारण वेली काही सुतक पाळत नाहीत.

महिन्याची प्रार्थना झाल्यावर जेवणाच्या टेबलावर माझा दीर इवानो बोलला. तळघर दोघा भावांच्या नावावर, म्हणजे आता त्याच्या आणि माझ्या. तो म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. तळघराच्या दोन छान खोल्या होतील. शनिवार-रविवारी रोमची माणसं येतात, दगडी छत त्यांना फार आवडतं. तुम्ही फक्त एक सही करा."

"आणि पिंपं कुठं ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

"पिंपांचं आता काय काम? दादा गेला. तुम्ही थोडीच वाईन करणार आहात?"

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते 'तुम्ही थोडीच' मला सहन झालं नाही. मी चमचा आपटला आणि दहा माणसांसमोर बोलून बसले, "भावोजी, नीट ऐका. संत मार्तिनोला दारावर डहाळी लागेल. मी लावीन. ती वाळेपर्यंत पहिलं पिंप संपलं नाही, तर तुमच्या कागदावर सही करीन. संपलं तर खोल्यांचं नाव काढायचं नाही."

इवानो म्हणाला, "कबूल." इतक्या पटकन म्हणाला की मलाच वाटलं, घाई झाली. पण शब्द तोंडातून गेला होता.

आठवडाभराने मी किल्ली घेतली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा एकटी मागच्या भागात गेले. झाडलोट करायची होती. शेवटच्या पिंपामागे भिंतीत एक कोनाडा होता, त्यावर जुनं पोतं टाकलेलं. पोतं ओढलं तर खाली साखर. तीन गोण्या रिकाम्या, नीट घडी घालून ठेवलेल्या, आणि एक भरलेली. बाजूला गंधकाच्या पुडीचा डबा, गोड केलेली वाईन पुन्हा फसफसू नये म्हणून.

मी त्या भरलेल्या गोणीवरच बसले. वाईनमध्ये साखर घालायला आमच्याकडे कायद्याने बंदी आहे, पण कायद्याचं सोडा. गावात त्याच्याहून मोठी लाज दुसरी नाही. एक वेळ बाहेरख्याली माणसाला लोक माफ करतील. आणि माझा रोमोलो, ज्याच्या हाताची चव म्हणून लोक खालच्या तीन गावांतून चढ चढून यायचे, तो गोणीने गोडी ओतत होता! मला बाहेर ठेवायचं ते बाईपणामुळे नव्हे, साखरेमुळे. वाडवडिलांच्या नावावर खपवलं लबाडाने. मी तिथे बसून त्याला इतक्या शिव्या दिल्या की वर ऐकू गेल्या असतील, आणि मग ॲप्रन तोंडात कोंबून रडले. का केलं असेल, तेही कळत होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गारपीट झाली होती, घड आंबट निघाले होते. त्या वर्षी घातली असणार. लोकांनी वाहवा केली, आणि मग बिचाऱ्याला मागे फिरता आलं नाही.

मी कुणाला बोलले नाही. फक्त माझ्या मुलीला, देबोराला सांगितलं. ती खाली फ्रास्कातीत औषधांच्या दुकानात कामाला आहे. ती गंधकाचा डबा बघून म्हणाली, "आई, म्हणून लोकांची डोकी दुखायची सोमवारी!" मी म्हटलं, "तोंड बंद ठेव. आपलेच दात आणि आपलेच ओठ."

ऑक्टोबरात काढणी झाली. माल्वाझिया जातीचे घड त्या वर्षी असे काही उतरले होते, पिवळे, अंगावर तपकिरी ठिपके, उन्हात धरले तर आतली बी दिसावी. जोडीला थोडी त्रेब्यानो द्राक्षं. माझे वडील सहकारी तळघरात रस मोजायच्या कामावर होते, लहानपणी त्यांच्यामागे फिरताना मी कान उघडे ठेवले होते. तेवढ्या शिदोरीवर मी रस पिंपात घातला. रात्रंदिवस कान लावून ऐकायची, कसा बोलतोय ते. साखरेचा कणही घातला नाही. वाईन झाली ती पांढुरकी, कोरडी, जिभेवर आधी फुलाचा वास आणि गिळल्यावर मागे कडू बदामाची हलकीशी चव. पहिला घोट घेतला आणि मला कळलं की हीच. आमच्या डोंगराची हीच चव आहे, तीस वर्षं गोडाखाली पुरलेली.

संत मार्तिनोच्या दिवशी सकाळी डहाळी टांगली. गल्लीत आजवर कुण्या बाईने डहाळी टांगली नव्हती, म्हणून समोरच्या खिडक्या एकेक करत उघडल्या. मी स्टुलावर चढून मुद्दाम दोन मिनिटं जास्त लावली, म्हटलं बघा नीट.

पहिला आला ओरेस्ते. रोमोलोचा बालमित्र, पत्त्यातला जोडीदार, गवंडीकामातून निवृत्त. त्याच्या काखेत एवढं मोठं पुडकं. त्याच्यामागे किराणा दुकानवाली पिएरिना आणि आणखी सात-आठ जण. मी पेले भरले. ॲप्रनला हात पुसले.

ओरेस्तेने घोट घेतला. भुवया वर गेल्या. दुसरा घोट घेतला. सगळा पेला संपवला, तळाकडे बघितलं आणि म्हणाला, "हं. वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे?"

"वेगळी म्हणजे वेगळी, सोरा एर्सिलिया. रोमोलोची अशी नसायची." सगळ्यांनी माना डोलावल्या. पिएरिना छताकडे बघत होती, जणू छत आजच बसवलंय. मग ओरेस्तेने पेला ठेवला, "बरंय, येतो" म्हणाला आणि पुडकं काखेत घेऊन गेला. एकेक करत सगळे गेले. पाच टेबलं, दहा बाकं, आणि एकाही कागदाची सुरसुर नाही.

असं रोज. गंमत अशी की तीच माणसं रोज यायची. उभ्याने एक पेला, कधी दोन. पेला शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा, पुडकं मात्र तसंच्या तसं. मला राग यायचा तो याचाच. नसेल आवडत तर येऊ नका ना! येता, पिता, मान डोलावता, "रोमोलोची आठवण येते हो" म्हणता आणि चालू पडता. आणि मला काय बोलता येत होतं? की बाबांनो, तुम्हाला आठवण येतेय ती रोमोलोची नाही, साखरेची? एवढं एक वाक्य बोलले असते तर माझी वाईन तरली असती आणि माझा नवरा गावाच्या नजरेतून उतरला असता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दर रविवारी इवानो यायचा. दारात उभा राहून डहाळीचं एक पान चिमटीत धरायचा. पान चुरलं की डहाळी वाळली, असा आमच्याकडचा नियम. पहिल्या रविवारी पान वाकलं, चुरलं नाही. मग तो आत येऊन पिंपावर बोटाच्या पेराने टकटक करायचा. भरलेलं पिंप बद्द बोलतं, रिकामं घुमतं. आमचं वरती बोटभर घुमलं, खाली सगळं बद्द.

"वहिनी, हट्ट कशाला? दम लागेल तुम्हाला."

"मला दम लागला की सांगते, भावोजी. तुम्ही जरा पान सांभाळून धरा. तोडून नेलंत एखादं, तर डहाळी टक्कल पडून वाळायची."

दुसऱ्या रविवारी पानाच्या कडा करकरीत झाल्या होत्या. तोवर उभ्याउभ्याने पिणाऱ्यांनीच जेमतेम अर्धं पिंप संपवलं होतं. देबोरा म्हणाली, "आई, मागच्या अंगणातलं झाड आपलंच आहे ना? पहाटे जाऊन ताजी डहाळी लावू. कुणाला कळणार आहे?"

"एका घरात एक लबाड पुरे!"

"मग खरं काय ते सांग लोकांना. बाबा आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?"

"मला पडतो." मी असं ओरडले की मांजर पळालं. "तीस वर्षं लोकांनी त्याचं नाव घेतलं. मेल्यावर मी त्याचं नाव घालवू? खोल्या झाल्या तर होऊ देत."

पण तसं काही होऊ द्यायचं नव्हतं मला. त्या आठवड्यात मी वेलींकडे गेले तर आठव्या ओळीत उभी राहून सातवीकडे बघत राहिले. तळघर गेलं की पिंपं जाणार, पिंपं गेली की वेली कुणासाठी छाटायच्या? रोमोलोबरोबर घालवलेलं जे काही होतं ते सगळं त्या ओळींत आणि त्या तळघरात. मग मनाने हळूच दुसरी वाट काढली. लोकांना रोमोलोची वाईन हवी आहे ना? देऊन टाकू. कोनाड्यात गोणी आहे. त्याचं नावही राहील, तळघरही राहील, आणि माझ्या वाईनचं काय, ती मला एकटीला माहीत आहे तेवढी पुरे.

तिसऱ्या रविवारी सकाळी, चर्चची पहिली घंटा झाल्यावर, मी मागच्या भागात गेले आणि गोणी ओढून काढली. वर्षभराच्या ओलीने साखरेचा दगड झाला होता. मी हातोडा आणला. एका घरात एक लबाड पुरे म्हणणारी मी, गुडघ्यावर बसून साखर फोडत होते. ठाण, ठाण, ठाण. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी स्वतःला सांगत होते की धूळ आहे.

"सोरा एर्सिलिया, भिंत पाडताय की काय?"

ओरेस्ते! पुढचं दार मी उघडं टाकलं होतं. मी झटक्यात उठून ॲप्रन पसरून गोणीपुढे उभी राहिले. गोणी माझ्याहून रुंद होती. ओरेस्तेने माझ्याकडे बघितलं, गोणीकडे बघितलं, हातोड्याकडे बघितलं. त्याचं नेहमीचं पुडकं काखेत होतं. मग म्हातारा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला,

"काय, जॅम करताय वाटतं?"

मी म्हटलं, "ओरेस्ते, आज मला चिडवू नको. आज मी हातोडा मारीन."

"चिडवत नाही हो." तो पायरीवर बसला. त्याला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले होते. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? रोमोलो दर ऑक्टोबरात पिएरिनाच्या दुकानातून चार गोण्या साखर उचलायचा. तिने विचारलं एवढी कशाला, तर म्हणाला, आमची एर्सिलिया जॅम फार करते. चार गोण्या! पिएरिना म्हणाली, सगळ्या रोमला पावावर लावायला पुरेल. दुसऱ्या दिवशी गावभर झालं."

तीस वर्षांचा जॅम एकदम डोक्यात शिरला.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"पाद्रीसाहेबांसकट. रोमोलोला मात्र वाटायचं कुणालाच माहीत नाही."

"आणि तरी तुम्ही प्यायलात? तीस वर्षं?"

"सोमवारी डोकं धरून बसायचो. पण त्याच्या दारात नाही बसायचं तर कुठे बसायचं? माझी बायको गेली तेव्हा चाळीस दिवस रोज संध्याकाळी माझ्यासमोर पेला ठेवून गप्प बसून राहिला तो. एक शब्द बोलला नाही. अशा माणसाची वाईन गोड लागली तर गोड प्यायची." त्याने नाक पुसलं. "वाईन काय, त्याने काकवी ओतली असती तरी मी पुडकं सोडलं असतं."

"मग माझ्या दारात का नाही सोडलंस? माझ्या वाईनने काय घोडं मारलं?" आता मला पुन्हा राग आला. आला की बरं वाटतं.

ओरेस्तेने टोपी काढली. "खरं सांगू? पहिल्या दिवशी नाहीच आवडली. गोडाची सवय जिभेला. घरी गेलो तर चव मागेमागे येत राहिली, ती कडू बदामाची. तिसऱ्या दिवशी पिएरिना म्हणाली, 'ओरेस्ते, ही बाई जादूगार आहे.' पण बसायचं कसं? आम्ही बसलो असतो, वाहवा केली असती, तर तुम्ही विचारलं असतं, मग रोमोलोच्या वाईनमध्ये काय कमी होतं? काय सांगणार होतो? तुमच्या दारावर त्याच्या नावाची काळी फीत अजून आहे. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत नाही. उगाच जॅमचं बिंग कसं फोडायचं? म्हणून आपले रोज यायचो, उभ्याने प्यायचो आणि जायचो. बाहेर गल्लीत उभं राहून थंड पोर्केत्ता खायचो, सोरा एर्सिलिया. वीस दिवस! माझं पोट बिघडलं."

मी गोणीवर बसले. आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. मी गावापासून रोमोलोला झाकत होते आणि गाव माझ्यापासून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे, आणि इथे सगळं गाव एकच मूठ दोन्ही बाजूंनी दाबून बसलं होतं.

"ऊठ," मी म्हटलं. "सोड ते पुडकं. मी काही जॅम करत नाही. कधी केला नाही. सांग जा सगळ्यांना की एर्सिलियाला जॅमचं कळलंय, तिची हरकत नाही."

ओरेस्तेने पहिल्या टेबलावर पुडकं ठेवलं आणि दोरा सोडला. त्या कागदाची सुरसुर झाली ना, ती मला चर्चच्या घंटेहून मोठी वाटली. मग तो दारात गेला आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं ओरडला, "पिएरिना! ये! बसायला परवानगी आहे!"

दुपारपर्यंत पाचही टेबलं भरली. पोर्केत्ता, भाजलेले चेस्टनट, लसणात परतलेली कडू भाजी, आणि पिएरिनाने आणलेली वाईनमध्ये मळलेली कडक बिस्किटं, कडबोळ्यांसारखी गोल, पेल्यात बुडवून खायची. जो आला त्याने माझ्याकडे बघून एकदाच डोळा मारला आणि बसला. साखरेचा शब्द कुणी काढला नाही. रोमोलोचा काढला, पुष्कळ. पत्त्यात तो कसा फसवायचा, गाढवावरून कसा पडला, बारशाला उशिरा आला तेव्हा काय थाप मारली. जेवणं झाल्यावर लोक घरी जाऊन आपापल्या काचेच्या सुरया घेऊन आले. पाच-पाच लिटरच्या, वेताने विणलेल्या. "घरच्यासाठी भरा," म्हणाले. देबोरा तोटीपाशी बसली ती उठलीच नाही.

सूर्य खाली रोमच्या पलीकडे उतरायला लागला तेव्हा इवानो आला. हातात कागदाचं पाकीट. दारात थांबून त्याने डहाळीचं पान धरलं. पान चुरलं, त्याच्या बोटांतून भुसा खाली पडला. सगळ्यांनी पेले खाली ठेवले.

"वाळली, वहिनी," तो म्हणाला. त्याचा आवाज काही फार खूश नव्हता.

"आत या, भावोजी. पिंप वाजवा."

तो माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत मागे गेला. पेराने टकटक केलं. वरती घुमलं. मध्ये घुमलं. तो वाकला, अगदी खाली, तोटीच्या रेषेला वाजवलं. तिथेही घुमलं. त्याने पिंप दोन्ही हातांनी हलवून बघितलं, तर ते पोकळ खोक्यासारखं हललं. देबोराने शेवटचा पेला समोर धरला. "काका, एवढीच उरली होती. तुमच्यासाठी ठेवली."

इवानो उभ्याने प्यायला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "गोण्या मीच खाली उतरवायचो, वहिनी. दर वर्षी मला धास्ती असायची की आज कुणीतरी पकडेल. दादा गेला तेव्हा म्हटलं, कुणाला कळायच्या आत हे सगळं बंद झालेलं बरं." त्याने पाकीट दुमडलं आणि खिशात घातलं. "ही तर आबांच्या वाईनसारखी लागते. मी लहान असताना अशी होती."

त्याने काही खायला आणलं नव्हतं, आणि पुडकं नसलेल्याला बाकावर बसता येत नाही. ओरेस्तेने आपला पाव मोडून अर्धा पुढे सरकवला आणि सरकून जागा केली. इवानो बसला. मी त्याच्या पुढ्यात दुसऱ्या पिंपाची पहिली वाईन ठेवली आणि त्याच स्टुलावर चढून दारावर ताजी डहाळी लावली. या वेळी सगळ्यांदेखत.

गोणीचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. चांगली साखर फेकवेना. मी मागच्या अंगणातली क्विन्सची, पेरूसारखी दिसणारी तुरट फळं उतरवली आणि जन्मात पहिल्यांदा जॅम केला. हात भाजला, एक पातेलं करपलं, आणि जो झाला तो इतका घट्ट की चमचा उभा राहतो. घरटी एक बरणी वाटली. पिएरिना म्हणाली, "वा, तीस वर्षं वाट बघितली त्याचं सार्थक झालं," आणि दुसऱ्या दिवशी मला कळलं की तिने तो तिच्या कोंबड्यांना घातला.

एक बरणी मी वर दफनभूमीत नेली. रोमोलोच्या दगडापाशी ठेवली, झाकण उघडलं. "घे," म्हटलं, "तुझा जॅम. चार गोण्यांचा." आणखीही थोडं बोलले, ते आमचं आमच्यात. देबोरा मागून म्हणाली, "आई, बरणी उघडी ठेवू नकोस, मुंग्या जमतील."

"जमू देत," मी म्हटलं. "गोडाला जमणारी मंडळी त्याला कधी कमी पडली नाहीत."